'पृथ्वीचें मीठ'

इंग्रजी लेखनांत 'सॉल्ट ऑफ दि अर्थ' हा स्तुतिपर वाक्प्रचार पुष्कळदां आढळतो. साधा, सरळ, अडल्या वेळीं धांवून येणारा आणि केल्याचा डांगोरा न पिटणारा मनुष्य, असा त्याचा रूढ अर्थ आहे. तो मराठींत शब्दशः उतरविला तर वाचक बुचकळ्यांत पडतो. आपल्याकडे मीठ हें ऋणाचें चिन्ह आहे. देणारा धनी, खाणारा मिंधा. आणि खाल्ल्या मिठाला जागावयाचें तें खाणाऱ्यानें. इंग्रजींत तो मनुष्य स्वतःच मीठ ठरतो.

या वाक्प्रचाराचें मूळ बायबलांत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत, आहे. येशू आपल्या शिष्यांना ही पदवी देतो आणि लागलीच बजावतो कीं, खारटपणा गेलेलें मीठ फेकून देण्याच्याच योग्यतेचें होय. म्हणजे या गौरवाला मुळांत एक कडक अट जोडलेली होती. ती ध्यानांत घेतली म्हणजे १४ व्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें 'समनरच्या कथें'त साधलेला उपहास उमगतो. तेथें एका लोभी भिक्षूला गांवचा जमीनदार हीच पदवी बहाल करतो!

आजच्या प्रचारांत ही अट गळून पडली आहे. शिवाय ही स्तुति बहुधा वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवरील माणसाची केली जाते. गडी, मोलकरीण, शेतकरी यांस 'मीठ' म्हटलें कीं बोलणाऱ्याचें मन हलकें होतें. त्यांच्या पदरांत मात्र शब्दांवांचून कांहीं पडत नाहीं. १९५४ सालच्या एका अमेरिकन चित्रपटानें हेंच नांव न्यू मेक्सिकोंतील जस्ताच्या खाणींत संप करणाऱ्या कामगारांच्या कथेस दिलें. तेथील मीठ मुकाट्यानें विरघळत नाहीं; आपला हक्क मागतें.

मग मराठींत काय म्हणावें? केवळ स्वभावाचें कौतुक असेल तेथें 'सोन्यासारखा माणूस' हा आपला शब्दप्रयोग पुरेसा आहे. परंतु मूळ इशारा जेथें अभिप्रेत असेल तेथें सोनें कामाचें नाहीं, कारण सोन्याचा कस जात नाहीं. तेथें मीठच ठेवावें आणि 'अळणी' हा आपला नेमका शब्द त्याच्या शेजारीं आणावा. अळणी जेवणाची शिक्षा ठाऊक असलेल्या वाचकास मग टीपेची गरज पडणार नाहीं.