‘कॅसेट’ खोडून ‘स्ट्रीमिंग’ लिहिलं तर चालेल का?

पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक 1993 चं. विषय उत्तर भारतातलं लोकप्रिय संगीत. मांडणी थोडक्यात अशी: कॅसेट आली, रेकॉर्डिंगचा खर्च कोसळला, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि शेकडो छोट्या कंपन्या प्रादेशिक बोलींतली गाणी विकू लागल्या. पुस्तक भारीच आहे, पण मोहात पाडणारंही. ‘कॅसेट’ खोडायचं, ‘स्ट्रीमिंग’ लिहायचं, सिनॉप्सिस तयार! लोणखेड्याच्या एका मित्राने नेमकं हेच केलं होतं: ‘स्ट्रीमिंगमुळे अहिराणी संगीताचं लोकशाहीकरण’.

वरवर पटतं. शहादा-लोणखेड्याकडच्या लग्नांत वाजणारी अहिराणी गाणी आज कुणाच्याही मोबाईलवर सापडतात. पण सापडणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं.

कॅसेट ही वस्तू होती. गिऱ्हाईकाचे पैसे त्याच कॅसेटच्या साखळीत जायचे. (पायरसी होतीच, मॅन्युएल त्यावरही लिहितात.) स्पॉटिफायसारख्या सेवेत सगळ्यांची वर्गणी एका हौदात पडते आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटली जाते. समजा दोनच ग्राहक आहेत, वर्गणी प्रत्येकी 100 रुपये, सेवेचा हिस्सा तूर्त सोडून देऊ. लोणखेड्यातला एक जण महिन्यात 50 गाणी ऐकतो, सगळी अहिराणी. पुण्यातला दुसरा 950 ऐकतो, सगळी हिंदी. अहिराणीच्या वाट्याला येतात 10 रुपये. पहिल्याचे उरलेले 90 रुपये त्याने कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे गेले. वर 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळासुद्धा न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही.

मग ज्याची वर्गणी त्याच्याच आवडीच्या गाण्यांना दिली की झालं? माझंही मत आधी तेच होतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राचा 2021 चा अभ्यास वाचला आणि ते सैल पडलं. वाटपाची पद्धत अशी बदलली तरी अगदी लहान कलाकारांच्या हातात वर्षाला जेमतेम काही युरो जास्त पडतात, असं त्यात निघालं. अर्थात आकडे फ्रान्सचे आहेत. 2011 च्या जनगणनेत खानदेशी भाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांच्या ऐकण्यावर फ्रान्सचा निष्कर्ष तसाच चिकटवणं म्हणजे मित्राचीच चूक मी पुन्हा करणं. शिवाय यूट्यूबवर फुकट ऐकणाऱ्याची वर्गणीच नसते. तिथे जाहिरातीचा हिशेब, आणि तो ज्याचं चॅनल त्याच्याकडे.

म्हणून मी त्याला म्हटलं, ‘लोकशाहीकरण’ शब्द आधी शीर्षकातून काढ. तो निष्कर्ष आहे, तू त्याला गृहीतक करून बसलायस. गायकांकडे जा, बँडवाल्यांकडे जा, व्हिडिओ काढणाऱ्या पोरांकडे जा. गाण्याचे हक्क कुणाच्या नावावर आहेत, चॅनलचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि घर चालतं ते व्ह्यूजवर की लग्नाच्या सुपाऱ्यांवर, एवढं तरी विचार.

तो म्हणाला, “मग दुसरं प्रकरण अख्खं परत लिहावं लागेल.”

लागेलच.