तोलेदोच्या विटा आणि एक सोपा शब्द

तोलेदोवर काहीही वाचायला घ्या, 'तीन संस्कृतींचं शहर' हे शब्द भेटतातच. मला ते पटत नाहीत. क्रिस्तो दे ला लुझ ही छोटी वास्तू बघा. दर्शनी भिंतीवर विटांनीच घडवलेला अरबी लेख आहे, साल 999. मशीद. 1085 मध्ये शहर कॅस्टिलच्या राजाने घेतलं, पुढे तिचं चर्च झालं आणि मागे अर्धगोल भाग जोडला गेला. तोही विटांचा, कमानीही जुन्या वळणाच्या! शैली जुळली म्हणून लगेच 'सलोखा' लिहून मोकळे होऊ नका. शोधनिबंधात 'प्रभाव' लिहिण्याआधी विचारा, वास्तू कोणाकडून कोणाकडे गेली? घोड्याच्या नालासारख्या कमानींचं ते पांढरं सिनेगॉग घ्या. आजही त्याला सांता मारिया ला ब्लांका म्हणतात.