वही कुणाच्या हाती?

पैशाविषयी वाद घालायला पैसा लागत नाही, ही आपल्यासारख्यांची मोठीच सोय आहे. बिटकॉइनचं पुढे काय होणार, डिजिटल रुपया चांगला की वाईट, नोटा राहणार की जाणार, या प्रश्नांवर शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या एस.टी.त जी चर्चा चालते, ती ऐकून परका माणूस समजेल की या गाडीत सगळे बँकांचे गव्हर्नरच बसलेत आणि उभे आहेत ते डेप्युटी गव्हर्नर. एक पक्ष म्हणतो, नोट संपली. दुसरा म्हणतो, खिशात खुळखुळतो तोच पैसा. कंडक्टर कोणत्याच पक्षाचा नसतो. तो फक्त म्हणतो, "सुटे द्या."

मी काही अर्थशास्त्री नव्हे. पण ज्यांनी उभ्या जन्मात चार ओळी जुळवल्या नाहीत अशी मंडळी आपल्याकडे कवितेचे समीक्षक होतात, तर ज्याच्याजवळ पैसा टिकत नाही त्याने पैशाची समीक्षा करायला काय हरकत आहे? फक्त समीक्षेला कसोटी लागते. माझी कसोटी मला मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या बाजारात सापडली.

धसईची गोष्ट आता जुनी झाली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनात जेवढा पैसा होता, त्यातला मूल्याने सुमारे ८६ टक्के एका रात्रीत कागद झाला. त्यानंतर तेविसाव्या दिवशी, १ डिसेंबरला, धसई हे राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार स्वतः आले. बँकेने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. तांदळापासून वडापावपर्यंत सगळं कार्डावर मिळणार, असा गाजावाजा झाला. वास्तविक महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या भागातली बरीच घरं कॅशलेसच असतात. त्यासाठी आजवर कधी मंत्री बोलवावा लागला नव्हता.

पुढे काय झालं हे सांगायला ज्योतिषी नको. रोकड हळूहळू परत आली, आणि तशा बातम्याही छापून आल्या. कारणं साधी होती. डोंगराच्या कुशीत रेंज म्हणजे पाहुणी. आली तर आली. वीज तिची सख्खी बहीण. कार्ड घासलं की बँक दुकानदाराकडून आपली हमाली कापून घेणार. आणि पाड्यावरून चार मैल चालत मीठ-मिरची न्यायला आलेल्या म्हातारीजवळ कार्ड कुठलं? तिच्याजवळ कनवटीला बांधलेली दहाची नोट. ती घासली तर फाटायची.

म्हणून धसईला हसणारे हसले. मला ते हसणं पटत नाही. कारण चारच वर्षांत शहापूर-मुरबाडच्या नाक्यानाक्यावर तोच प्रकार दुसऱ्या रूपाने आला आणि मुकाट्याने रुजला. भाजीच्या टोपलीला आता तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो, आणि "वीस रुपये प्राप्त झाले" असं ओरडून सांगणारी डबी मिरच्यांच्या शेजारी बसलेली असते. यू.पी.आय. २०१६ मध्येच सुरू झालं होतं. १ जानेवारी २०२० पासून त्यावरची दुकानदाराची हमाली सरकारने शून्य केली. फुकट झालं तेव्हा घेतलं. आमचा माणूस प्रगतीच्या विरुद्ध नाही, प्रगतीच्या बिलाच्या विरुद्ध आहे.

पण या सगळ्या धामधुमीत एक वस्तू दुकानातून कधीच हलली नाही. ती म्हणजे उधारीची वही. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली. नोटा गेल्या, नोटा आल्या, यंत्रं आली, यंत्रांवर धूळ आली. वही आपली गल्ल्याशेजारी. आणि मला वाटतं, डिजिटल चलनाचा सगळा वाद हा मुळात त्या वहीचाच वाद आहे. पैसा सोन्याचा की कागदाचा की विजेचा, हे महत्त्वाचं नाही. वही लिहितो कोण, वाचू कुणाला शकतं, आणि चूक झाली तर दार कुणाचं ठोठवायचं, हे महत्त्वाचं. या तीन प्रश्नांवर एकेका चलनाला उभं करू.

आधी बिटकॉइन. माझा एक भाचा शहापुरात असतो. तो लिनक्सवर गेम खेळतो. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली. ती फुकट, आणि तिच्या पोटात काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता येतं. खेळ मात्र बहुतेक दुसऱ्याच प्रणालीसाठी बनवलेले. मग त्यांची समजूत घालून त्यांना लिनक्सवर चालवायला आणखी एक दुभाषा लागतो. भाचा रात्रभर ती समजूत घालतो आणि पहाटे पाच मिनिटं खेळतो. साहजिकच तो बिटकॉइनवालाही आहे. दोन्हींचा स्वभाव एकच : कुणावर विश्वास टाकू नका, स्वतः वाचून खात्री करा.

"मामा, इथे मालकच नाही," तो मला सांगतो. "वहीची नक्कल हजारो संगणकांवर. कुणी एकट्याने खाडाखोड करूच शकत नाही."

कल्पना खरोखर सुंदर आहे. सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी ती २००८ मध्ये मांडली आणि आजपर्यंत तो माणूस कोण हे ठरलेलं नाही. सगळ्यांसमोर उघडी, पण कुणालाच न खोडता येणारी वही! बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा करणारे आमचे दलाल गुप्तलेखनात कुणाला हार जाणारे नाहीत, पण त्यांनाही हे सुचलं नसतं.

तरी समीक्षकाचं काम दोष दाखवणं. वही सगळ्यांना उघडी आहे, हे खरं. पण वाचता किती जणांना येते? जुन्या सावकाराची वहीही समोरच उघडलेली असायची. ती मोडी लिपीत असायची, एवढंच. दुसरं म्हणजे चूक झाली तर दार नाही. किल्लीचे शब्द विसरलात, पैसे गेले. मालक नाही म्हणजे तक्रार घ्यायलाही कुणी नाही. आणि बाजारात हे चालतं का, तर त्याचा निकाल भाच्याच्या गेमवाल्यांनीच दिला. 'स्टीम' नावाचं गेमचं जगातलं मोठं दुकान आहे. त्यांनी एप्रिल २०१६ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंद केली. व्यवहारामागची हमाली सुरुवातीला २० सेंट होती, ती २० डॉलरच्या घरात गेली. शिवाय गिऱ्हाईक पैसे पाठवून ते पोचेपर्यंत भाव बदलायचा आणि पुन्हा उरलेले द्या, जास्तीचे घ्या. म्हणजे धसईत डिसेंबर २०१६ नंतर जे झालं, तेच अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये झालं. तिथे मात्र त्यांना कुणी खेडवळ म्हटलं नाही.

आता डिजिटल रुपया. योगायोग पाहा, सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रयोग रिझर्व्ह बँकेने सुरू केला तोही १ डिसेंबरलाच, २०२२ साली, मुंबईसह चार शहरांत. हा यू.पी.आय.सारखा खात्यातून खात्यात सरकणारा पैसा नव्हे. ही मोबाइलमधली साक्षात नोटच, खुद्द रिझर्व्ह बँकेची. नोटांच्या आणि नाण्यांच्याच किमतीत मिळते आणि व्याज देत नाही. वही लिहिणारा ठाऊक आहे आणि त्याचं दारही ठाऊक आहे, हा मोठा गुण. पण लोकांनी अजून त्याला पाटावर बसवलेलं नाही. मार्च २०२५ अखेर देशात ३६ लाख कोटी रुपयांहून अधिक नोटा फिरत होत्या आणि डिजिटल रुपया होता सुमारे एक हजार कोटींचा. शंभर रुपयांमागे तीन पैसेसुद्धा नाहीत.

त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन नव्या सोयी जाहीर केल्या. एक, रेंज नसतानाही हा रुपया चालावा. ही सूचना धसईच्या कोणत्याही वाण्याने २०१६ मध्येच फुकट केली असती. दुसरी, हा रुपया ठरल्या कामावरच खर्च व्हावा, अशी त्याला वेसण घालता यावी. खतासाठी दिलेला खतालाच. ऐकायला उत्तम. पण मला त्या रुपयाची भीती वाटते. पैशाचा पैसेपणा कशात आहे? तो कशासाठी आला हे विसरतो, यात. खताचे पैसे पोराच्या औषधाला लागले, असं ज्या घरात कधी झालं नाही ते घर आमच्या तालुक्यात मला दाखवा. अशा वेळी नोट काही विचारत नाही. वेसणीचा रुपया औषधाच्या दुकानात पाय रोवून उभा राहील आणि म्हणेल, मी युरिया आहे.

नोटेचा हा न बोलण्याचा गुण कुणाला सर्वांत ठाऊक? आमच्या बायकांना. २०१६ च्या नोव्हेंबरात घरोघरी तांदळाच्या डब्यांतून, लुगड्यांच्या घड्यांतून नोटा बाहेर आल्या. नवरे थक्क झाले, विनोद झाले, व्यंगचित्रं निघाली. पण ती चोरी नव्हती. ज्या बाईच्या नावावर सात-बाऱ्याची एक ओळ नाही, तिची ती स्वतःची बँक होती. तिला वही नव्हती, हेच तिचं कुलूप होतं. ते कुलूप त्या महिन्यात सगळ्या घरासमोर उघडावं लागलं, आणि पुष्कळ घरांत ते पुन्हा पूर्वीसारखं लागलं नाही.

म्हणजे वही नसलेलीच बरी, असा निष्कर्ष कुणी काढेल. तोही टिकत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. आधी रोख उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते, आणि हंगाम सरला की हिशेब. तो हिशेब मालकाच्या वहीत. विटा किती पाडल्या, खर्ची किती दिली, फिटलं किती, सगळं त्याच्याच अक्षरात. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ चा आहे. वही त्याहून जुनी आहे. इथे रोख रकमेचं मुकेपण गरिबाच्या कामी येत नाही, मालकाच्या येतं. या माणसाच्या स्वतःच्या हातात, त्याला वाचता येईल अशी आणि मालकाला खोडता येणार नाही अशी नोंद पडली, तर त्या डिजिटल चलनाला मी पहिला हार घालीन.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर धाड घातली. त्यांचा मुख्य रोख होता सावकारांच्या कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद त्यांनी हिसकावून जाळले. अर्थशास्त्र न शिकलेल्या त्या लोकांना पैशाचं मर्म नेमकं कळलेलं होतं. आता येणाऱ्या वह्या जळणाऱ्या नाहीत. एक विझवली तर हजार ठिकाणी नक्कल आहे. म्हणून त्या लिहिल्या जाण्यापूर्वीच विचारलं पाहिजे : बाई, तुझी वही बंद ठेवायची मुभा तुला आहे का? आणि बाबा, तुझी वही तुला वाचता येते का?

या दोन प्रश्नांना जे चलन सरळ उत्तर देईल ते खरं, मग ते कागदाचं असो की विजेचं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे सॉफ्टवेअरमध्ये करता येईल." मी म्हटलं, कर. गेमचं जरा बाजूला ठेव. तशीही ती पहाटेपर्यंत चालू होत नाही.