दधीचीला विचारले होते

अवयवदानाच्या आवाहनात दधीचीचे नाव आले नाही असे सहसा होत नाही. त्याच्या अस्थींचे वज्र झाले, वृत्र मेला, म्हणून आपणही द्यावे, एवढाच त्या कथेचा अर्थ तेथे लावला जातो. कथा लिहिणे आणि गोरेगावच्या शाळेत त्या मुलांना सांगणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे कथेचा एक सांधा गळाला की मला ते खटकते.

वनपर्वातील कथा पाहावी. वृत्राच्या भयाने देव हवालदिल झाले आहेत. संकट तिन्ही लोकांवर आहे. तरीही ब्रह्मदेव अस्थी आणा असे सांगत नाही; सर्वांनी मिळून जावे आणि मागावे, असे सांगतो. देव सरस्वतीपलीकडच्या आश्रमात जातात, वंदन करतात, याचना करतात. मग ऋषी होकार देतो. ही याचना वगळली तर मागे दान उरत नाही, हाडांची वसुली उरते.

आता आपला कायदा. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात 4 फेब्रुवारी 1995 पासून लागू झाला. मृताने हयातीत दिलेली लेखी संमती, नाहीतर जवळच्या नातलगांची, हा त्याचा पाया. इंग्लंडने 2020 मध्ये नकार नोंदविला नसेल तर होकार गृहीत धरण्याचे ठरविले. आपल्याकडे तसे नाही, असे आपण समाधानाने म्हणतो. परंतु पाचवे कलम वाचावे. रुग्णालयात वा तुरुंगात पडलेल्या देहावर 48 तासांत जवळच्या नातलगाने हक्क सांगितला नाही, तर अवयव काढण्याची परवानगी तेथील व्यवस्थापक देऊ शकतो. नातलग येण्याचा संभव वाटल्यास देऊ नये, एवढी सावधगिरी आहे. मृताला स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न त्या कलमात नाही.

म्हणजे गोतावळ्याच्या माणसासाठी विचारपूस, आणि बेवारसाचे मौन हाच होकार! मुंबईत बेवारस कोण ठरतो? पोटासाठी आलेला, पदपथावर निजणारा; त्याच्या गावी 48 तासांत बातमीसुद्धा पोहोचत नाही.

मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या रोग्याची गरज खरी आहे, हे कोण नाकारील? पण डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावे लागतात. हृदय थांबल्यावर मूत्रपिंड त्याहूनही लवकर निकामी होते. तेव्हा 48 तासांच्या या कलमाने रोग्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. गरिबाला विचारण्याचे कारण नाही, ही समजूत तेवढी कायद्यात बसते. स्पेनमध्ये 1979 पासून संमती गृहीत धरणारा कायदा आहे, तरी तेथील डॉक्टर नातलगांना विचारल्यावाचून पुढे जात नाहीत.

दधीचीचे नाव जरूर घ्यावे. मात्र देवांनी केले तेही करावे: माणूस जिवंत असताना त्याच्यापाशी जावे, हात जोडावेत, आणि तो नाही म्हणाला तर परत फिरावे.