सोळा लेनची एक ओळ

जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडलं की ‘बस इंटरफेस’च्या चौकटीत एक ओळ दिसते : ‘पीसीआयई एक्स१६ ४.० @ एक्स१६ १.१’. इतक्या थोड्या अक्षरांत मशीनची इतकी खबर देणारी दुसरी ओळ माझ्या पाहण्यात नाही. आमच्या गारखेड्यात इंजिनिअरिंगची मुलं, घरांचे थ्रीडी आराखडे करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे मशीन असेंबल करून घेतात आणि ही ओळ पाहून हबकतात. ग्राफिक्स कार्ड चौथ्या पिढीचं घेतलं, चालतंय मात्र पहिल्या पिढीच्या वेगानं! हबकण्याचं कारण नाही. ओळ सावकाश वाचावी.

‘@’च्या डावीकडे ऐपत आहे, उजवीकडे या क्षणाची चाल. एक्स१६ म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या (पीसीआयई) सोळा लेन, पुढचा आकडा पिढीचा. काम नसताना वीज वाचवण्यासाठी कार्ड स्वतःहून १.१वर उतरतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावा, बोर्डही चौथ्या पिढीचं असेल तर १.१च्या जागी ४.० उमटेल.

हे चढणं पाहण्यासारखं आहे. कार्ड कितीही महागाचं असो, मशीन चालू होताना जोडणीची सुरुवात सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफरवरच होते. मग दोन्ही टोकं आपापली क्षमता सांगतात. तिसऱ्या पिढीपासून तर सिग्नल कसा घडवून पाठवला म्हणजे पलीकडे स्वच्छ पोचेल, याचीही जुळवाजुळव करतात आणि मग वेग कायम करतात. वरचा वेग झेपला नाही तर बहुतेक वेळा खालच्यावर येऊन काम चालू ठेवतात.

आता पिढ्यांचे आकडे पाहा : पहिलीचा वेग २.५, दुसरीचा ५ आणि २०१०च्या तिसरीचा ८. १० का नाही? पहिल्या दोन पिढ्यांत माहितीच्या ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जात. पाचवा हिस्सा वाहतुकीतच खर्ची पडे. तिसरीनं १२८ बिटांमागे फक्त २ जादा ठेवले. त्यामुळे तारेचा वेग दीडपटीच्या थोडा वर गेला, पण एका लेनमधून सेकंदाला ५०० मेगाबाइटऐवजी सुमारे ९८५ मेगाबाइट जाऊ लागले. तारेला ताण कमी, पदरात जवळपास दुप्पट. पीसीआय एक्सप्रेसमधली ही माझी सर्वांत आवडती जागा. त्याच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. सयाजीराव जन्मले आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात. या तंत्राच्या गोष्टीत त्यांचं नाव भेटतं, याचा मला मनापासून आनंद होतो.

खरी काळजी करायची ती रुंदीची. कार्ड सोळा लेनचं आहे, टेस्ट चालू आहे आणि तरी उजवीकडे एक्स८ किंवा एक्स४ दिसतंय, तर शोध घ्यावा. आपल्याकडच्या धुळीनं कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मळल्या असतील, किंवा ते नीट बसलं नसेल. किंवा ते खालच्या स्लॉटमध्ये लावलं असेल : तो दिसायला तेवढाच लांब असतो, पण बऱ्याच बोर्डांवर त्यात चारच लेन असतात. कधी कारण एनव्हीएमई एसएसडी असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत प्रोसेसरच्या ग्राफिक्सच्या सोळा लेन एकतर एकसंध राहतात, नाहीतर आठ-आठ अशा फुटतात. काही बोर्डांवर एसएसडीसाठीचा पाचव्या पिढीचा एम डॉट टू स्लॉट त्यातूनच दिलेला असतो. एसएसडीला हव्यात चार, ग्राफिक्सच्या जातात आठ! अशा वेळी ती एसएसडी चिपसेटच्या स्लॉटमध्ये हलवावी. सॅटाचे एक-दोन पोर्ट त्यामुळे बंद पडत नाहीत ना, हे मॅन्युअलच्या तक्त्यात आधी बघावं.

बायोसमधला वेग शक्यतो ‘ऑटो’वरच असावा. मात्र कॅबिनेटमध्ये कार्ड उभं लावताना तिसऱ्या पिढीची रायझर केबल वापरली आणि स्क्रीन काळी पडू लागली, तर बेधडक ‘जेन ३’ करावं. सोळा लेनवर तेव्हाही सेकंदाला पावणेसोळा गिगाबाइटच्या आसपास मिळतात आणि बहुतेक गेममध्ये फरक कळतही नाही. २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाची गोष्ट वेगळी. त्याला लेनच चार आणि मेमरीही ४ गिगाबाइट. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्याच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम ४ गिगाबाइट येतात आणि मेमरी भरली की गेम अडखळतो. जुनं बोर्ड ठेवून नवं कार्ड घेणाऱ्यानं पिढीच्या आधी लेन मोजाव्यात.