‘स्मृतिचित्रे’ : दुःख, सोवळे आणि श्रद्धा

दुःखामुळे माणूस देवाकडे वळतो, ही समजूत सर्वच धर्मांच्या वाङ्मयात आढळते. ख्रिस्ती वाङ्मयात तिला विशेष प्रतिष्ठा आहे. क्रूस हे ज्या धर्माचे मुख्य चिन्ह, त्याच्या अनुयायांनी स्वतःच्या आपत्तींकडेही त्या चिन्हाच्या छायेत पाहावे, हे स्वाभाविकच होय. तथापि वाङ्मयाच्या दृष्टीने या समजुतीत एक धोका आहे. दुःख हे कारण आणि श्रद्धा हे कार्य, असे समीकरण एकदा मान्य केले, की आत्मकथनातील प्रत्येक आपत्ती ही पुढील साक्षात्काराची केवळ पूर्वतयारी ठरते, आणि ती भोगणारे माणूस दिसेनासे होते.

या समीकरणाची कसोटी पाहण्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’इतका उपयुक्त ग्रंथ मराठीत दुसरा नाही. १९३४ ते १९३६ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांचा अनुवाद नवी दिल्लीहून प्रकाशित झाला. त्यामुळे मराठी न जाणणारा वाचकही आज या ग्रंथाविषयी बोलू शकतो. परंतु मराठीत काय किंवा अन्य भाषांत काय, त्याच्या आस्वादात एक फूट पडलेली दिसते. सामान्य रसिक त्यातील विनोदाचे आणि लेखिकेच्या धैर्याचे कौतुक करतो व श्रद्धेचा विषय बाजूस ठेवतो. धार्मिक वृत्तीचा वाचक श्रद्धा तेवढी उचलतो आणि विनोदाला करमणूक समजतो. ग्रंथात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

तुलनेसाठी प्रथम पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेता येईल. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण मरण पावली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी जे सांगितले आहे, ते रूढ समीकरणाला धक्का देणारे आहे. व्रते, दाने, तीर्थयात्रा आणि पुराणपठण यांत आयुष्य वेचलेल्या आईवडिलांना भुकेने मरताना पाहून त्यांची श्रद्धा दृढ झाली नाही, ती गळून पडली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा. पण त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असा भेद त्यांनी पुढे स्वतःच केला, आणि या दोहोंत सुमारे आठ वर्षांचे अंतर मानले. दुःखाने त्यांच्या श्रद्धेला काय दिले, याचे उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळात मिळते. मध्य प्रांतातील उपाशी मुलींना घेऊन येण्यासाठी त्या निघाल्या, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांच्या सोबत होती. त्या भुकेचा अर्थ त्यांना कोणी समजावून दिला नव्हता. तिने त्यांना करावयाचे काम दाखविले. मात्र साक्ष हा वाङ्मयप्रकारच असा आहे, की त्यात शेवट आधी ठरलेला असतो आणि मागील सर्व घटना त्या शेवटाच्या उजेडात मांडल्या जातात. रमाबाईंचा प्रामाणिकपणा निःसंशय आहे. पण ती मर्यादा त्यांनाही सर्वस्वी ओलांडता आली नाही.

‘स्मृतिचित्रां’ना असा ठरलेला शेवट नाही. किंबहुना दुःख आणि धर्म यांचा संबंध किती भिन्न दिशांनी जाऊ शकतो, याचे चित्र या ग्रंथाच्या आरंभीच येते. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना १८५७ च्या उठावानंतर फाशी देण्यात आले. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची, प्रत्येक स्पर्शाचा संशय धरावयाचा, असा त्या घराचा क्रम झाला, आणि त्याचा सर्व भार बायकामुलांवर पडला. येथेही आपत्तीने धर्मभावना तीव्रच केली आहे. पण त्या तीव्रतेने घराची दारे बंद झाली. जगाने एकदा घात केला म्हणून साऱ्या जगालाच विटाळ मानणारी ही धार्मिकता होती. दुःख श्रद्धेला खोल करते, हे विधान सरसकट करणाऱ्याने हे प्रकरण पुन्हा वाचले पाहिजे.

अशा घरात वाढलेल्या मुलीच्या पतीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांच्या दृष्टीने ती सत्यशोधाची परिणती होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि आप्तांचा तिरस्कार व पत्नीचा वियोग यांनी आलेली व्याकुळता त्यांच्या अभंगांत भक्तीची व्याकुळता होऊन बसली. परंतु लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेले दुःख त्यांनी शोधलेले नव्हते. ज्या ख्रिस्ती श्रद्धेने पुढे त्यांना आधार दिला, त्याच श्रद्धेने प्रथम त्यांचे घर मोडले. रूढ समीकरणात न बसणारा हा मुद्दा आहे. त्यांच्या बाबतीत ख्रिस्ती धर्म हा संकटावरचा उपाय म्हणून आला नाही. तोच संकट होता. पाच वर्षांचा वियोग, लोकांची कीव आणि टोमणे, लहान मुलाची जबाबदारी आणि या सर्वांत न सुटलेली पतीची ओढ, या अवस्थेत त्यांचा काळ गेला.

पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या, तरी आरंभी स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवूनच राहिल्या. पतीच्या धर्माचा विचार त्यांनी चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी केला. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्यापुढे ग्रंथांतून आला नाही. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, या रोजच्या अडचणीतून आला. आधी विटाळाची कल्पना गेली, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. ग्रंथातही बाप्तिस्म्याच्या विधीपेक्षा अन्नपाण्यातील या बदलालाच अधिक वजन आहे. वडिलांच्या आपत्तीने जे सोवळे घट्ट केले, तेच लेकीच्या आपत्तीने सोडविले. दोघांच्या दुःखात थोरले-धाकटे ठरविण्याचे कारण नाही. भेद असा, की वडिलांचे दुःख माणसांपासून दूर जात राहिले, आणि लक्ष्मीबाईंना मात्र ज्याने दुःख दिले त्या माणसाचा हात सोडता आला नाही. त्यांच्या श्रद्धेला जो आकार आला, तो या न सुटलेल्या संबंधाने.

विनोदाचा अर्थही येथेच उलगडतो. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचे न सांगता निघून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, या गोष्टींनी घर कितीदा तरी अडचणीत आले. दुसऱ्या एखाद्या लेखणीने यांतून तक्रारीचा ग्रंथ निर्माण केला असता, किंवा सहनशील पत्नीची पोथी रचली असती. लक्ष्मीबाई काहीही झाकत नाहीत, कोणाला देवत्वही देत नाहीत. त्या हसतात, आणि ते हसू स्वतःपासून सुरू होते. सर्व ऐकून घेऊन, सर्व लक्षात ठेवून केलेली ही क्षमा आहे. ख्रिस्ती नीतिविचारात क्षमेला जे स्थान आहे, ते या ग्रंथात उपदेशाच्या रूपाने क्वचितच दिसते. ते निवेदनाच्या सुरात मुरलेले आहे. म्हणून विनोद वेगळा काढून श्रद्धेची चर्चा करणारा आणि श्रद्धा वेगळी काढून विनोदाची वाहवा करणारा, असे दोघेही वाचक अर्धाच ग्रंथ वाचतात.

या विधानाला ‘ख्रिस्तायना’ची तुलना पुष्टी देते. १९१९ मध्ये टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले हे ओवीबद्ध काव्य लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून तडीस नेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने केलेले हे कार्य आदरास पात्र आहे. परंतु श्रद्धा हाच जेथे घोषित विषय आहे, तेथे त्यांची लेखणी परंपरेच्या चाकोरीतून जाते. जेथे पाहुणे, प्लेग, उधारी आणि पोरेबाळे हा विषय आहे, तेथे श्रद्धेचे दर्शन अधिक सखोल घडते. बालकवींसारखा परका मुलगा ज्या घरात मुलासारखा वावरला, त्या घराच्या वर्णनात आणि बालपणीच्या जलालपूरच्या घराच्या वर्णनात जे अंतर आहे, तेच या बाईंच्या धर्मविचाराने तोडलेले अंतर होय.

अनुवादकापुढील खरी अडचणही हीच आहे. सोवळे, ओवळे, विटाळ, शिवाशिव हे शब्द अन्य भाषांत, विशेषतः इंग्रजीत, अर्थासह नेता येतात; त्यांच्याभोवतीची ओल्या लुगड्यांची थंडी आणि बायकांचे श्रम नेणे कठीण. आणि ते श्रम ठाऊक नसतील, तर कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय हा वाचकाला सुधारकी मत वाटतो. ती एका आयुष्याची उलथापालथ होती, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

दुःख स्वतः काहीच शिकवीत नाही, असा निष्कर्ष ‘स्मृतिचित्रे’ वाचून निघतो. ते माणसाला जेथे आणून सोडते, तेथे दार लावून घ्यावे की उघडावे, हे त्याचे त्याला ठरवावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते उघडले, आणि उघडताना झालेल्या फजितीसकट सारी हकीकत सांगितली. पुढचा मार्ग आपल्याला आधीपासून दिसत होता, असा आव मात्र त्यांनी कोठेही आणला नाही. मराठी धार्मिक आत्मकथनात हा गुण दुर्मिळ आहे.