रव्याचे दिव्य आणि कागद नसलेला माणूस

‘दिव्य करणे’ हा आज कौतुकाचा वाक्प्रचार झाला आहे. मुलीचे लग्न, कर्जाचे प्रकरण, कसारा लोकलचा रोजचा प्रवास, सारीच दिव्ये. सतराव्या-अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात मात्र तो न्यायसभेच्या कामकाजातला शब्द होता. कढलेल्या तेला-तुपात धातूचा रवा टाकत. ज्याच्यावर दिव्य येई त्याची नखे काढत, हात धूत, हातावर आधीच्या काही खुणा असतील तर त्या पाहून ठेवत. त्याने रवा बाहेर काढला की हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करत. तिसऱ्या दिवशी सभेसमक्ष पिशवी सोडत. हात शाबूत तर माणूस खरा, फोड आला तर खोटा.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करायचा तर वि. त्र्यं. गुणे यांच्या ‘द ज्युडिशियल सिस्टिम ऑफ द मराठाज’ या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९५३ साली प्रसिद्ध केला. १६०० ते १८१८ या काळातले महजर, निवाडपत्रे आणि सरकारी आज्ञा हा त्याचा पाया. त्या कागदांमुळे मराठ्यांच्या राज्यात न्याय म्हणजे केवळ सरदाराची लहर होती, हा समज टिकत नाही. वादी-प्रतिवादी आधी निवाडा मान्य करण्याचे राजीनामे लिहून देत, जामीन देत. मग तकरिरी, साक्षी, जुने कागद. निवाड्यानंतर हरलेला येजितखत लिहून देई. जिंकलेल्याकडून हरकी आणि हरलेल्याकडून गुन्हेगारी वसूल होई. दिव्याचा क्रम या सगळ्यानंतरचा. याज्ञवल्क्यस्मृतीतही लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही प्रमाणे आधी येतात आणि ती नसतील तेव्हाच दिव्य सांगितले आहे.

म्हणूनच दिव्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून हातावेगळे करणे मला अपुरे वाटते. कागद आणि साक्षी दोन्ही थकल्यावर, पण गावाला एकत्र नांदायचे आहे म्हणून वाद तोडणे भाग असताना, सभा ज्या दाराशी येऊन थांबे ते हे दार. तो निवाडा खरा असेलच असे नाही, पण तो शेवटचा असे.

दुसरे दार तलवारीचे होते. युरोपात ते दीर्घकाळ कायद्यानेच उघडे राहिले. इंग्लंडमध्ये द्वंद्वाने दावा लढवण्याचा हक्क १८१९ साली कायदा करून काढावा लागला. आपल्याकडे फिरिश्त्याने दख्खनमधल्या द्वंद्वांची चाल अहमदनगरच्या अहमद निजामशहाकडे नेऊन लावली आहे, आणि तिच्याविषयी नापसंतीने लिहिले आहे. त्याच निजामशाहीचा शेवटचा अंक १६३६ साली आमच्या शहापूर तालुक्यातल्या माहुली किल्ल्यावर झाला. द्वंद्वात दोघांचेही अंग पणाला लागे आणि बळकट तो तरे. दिव्यात अंग एकाचेच पणाला लागे. म्हणून दिव्याविषयीचा खरा प्रश्न देव कौल देतो की नाही हा नव्हे. हात कोणाचा, हा आहे.

इथे गुण्यांच्या साधनांची मर्यादा दिसते. महजर हा मुख्यतः जिंकलेल्याच्या घरी जपलेला कागद. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचा तो पुरावा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहिला. त्याच्या शेवटी गोताच्या साक्षी असतात, पाटलाचा नांगर असतो, बलुतेदारांच्या निशाण्या असतात. म्हणजे ज्याला वतन आहे तो भांडतो आणि ज्याला वतन आहे तोच साक्ष घालतो. खर्डीपासून मुरबाडपर्यंतच्या डोंगरातला ठाकूर, कातकरी, वारली या यादीत शोधावा तर सहसा हाती लागत नाही. त्याचे तंटे झालेच असणार, त्यानेही शपथा घेतल्या असणार. पण जपून ठेवण्याजोगा कागद त्यातून निघाला नाही. ग्रंथाच्या नावातले ‘मराठाज’ म्हणजे बव्हंशी वतनदार, हे लक्षात ठेवून तो वाचला पाहिजे. अभ्यासकाने आपली साधने शीर्षकपृष्ठावरच सांगितली आहेत. त्यावरून ‘आपली न्यायपरंपरा’ असा सरसकट गौरव आपण केला, तर तो दोष वाचकांचा.

ही चर्चा जुन्या कागदांपुरती राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आमच्या भागातल्या आदिवासी कुटुंबांपुढे आलेला प्रश्न तोच होता: पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद नसेल तर माणसाने काय दाखवायचे? १ जानेवारी २००८ रोजी जारी झालेल्या नियमांपैकी तेरावा नियम त्याचे उत्तर देतो. पुराव्यांच्या यादीत घर, बांध अशा जागेवरच्या खुणा आहेत आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. एकच पुरावा न धरता एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे आहेत, आणि दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेत व्हायची आहे.

हे गोतसभेचेच तत्त्व आहे, फक्त साक्ष देण्याचा अधिकार वतनाबाहेरच्या माणसापर्यंत आला आहे. म्हाताऱ्याचा शब्द इथे तेलात हात न घालता प्रमाण ठरू शकतो. म्हणून त्या कथनाकडे कच्चा पुरावा म्हणून पाहणाऱ्या, ‘कागद आणा’ म्हणून दावा परत पाठवणाऱ्या प्रत्येक टेबलाला हा इतिहास ठाऊक असायला हवा. साक्ष नाकारली की कागद नसलेल्या माणसापुढे दिव्यच उरते. आता त्याला हेलपाटे म्हणतात, एवढेच.